मेडिकल कधी टाकायलीस?

लग्नात, एसटीत, पिठाच्या गिरणीवर, कुठंही भेटा, तुमचा प्रश्न ठरलेला: "औषधांचंच शिकायलीस ना, मग मेडिकल कधी टाकायलीस?" तुम्ही विचारलंतच, म्हणून एकदा नीट सांगते. मेडिकलला फार्मसीची डिग्री-डिप्लोमा लागतो. मी संभाजीनगरला बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते, आणि त्यातही माझा ओढा औषध म्हणून टोचल्या जाणाऱ्या प्रथिनांकडे. उदाहरणार्थ इन्शुलिन.

हे खूळ आजीमुळं. आमचं गाव परभणीकडं. मे महिन्यात घराचा पत्रा हात लावू देत नाही, अन् लाईटचा नेम नाही. आजी इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात ठेवायची आणि गाडगं रांजणाशेजारच्या ओल्या वाळूत. मी बारावी सायन्सला, म्हणजे घरातली शास्त्रज्ञच. फ्रिज आला तसं मी ते गाडगं अंगणात नेऊन टाकलं आणि बाटली थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवली. जितकं गार तितकं चांगलं, हा हिशोब. सकाळी तिचा दगड झालेला. तळहातात धरून वितळवली अन् आजीला टोचली. पुढं पंधरा दिवस साखर खाली येईना. सगळ्यांनी आंब्यावर खापर फोडलं आणि आजीचा आंबा बंद झाला. मी खायचे आंबे, ती खायची बोलणी.

खरा गुन्हेगार चार वर्षांनी वर्गात सापडला. ॲस्पिरिनच्या रेणूचं वजन १८०, इन्शुलिनचं ५,८०० च्या वर. ५१ अमिनो आम्लं: २१ ची एक साखळी, ३० ची दुसरी, आणि त्यांना गंधकाचे तीन टाके. (हा नकाशा फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला. त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं १९५८ साली, आणि आमचं विद्यापीठही १९५८ चंच. परीक्षेत हे कुणी विचारत नाही.) या साखळ्यांची एक ठरावीक घडी असते, आणि औषधाचा गुण त्या घडीत. गोठलं की ती विस्कटते, रेणू एकमेकांना चिकटतात, मग वितळवून उपयोग नाही. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून परत कच्चं होतं का? उलट, वापरायला काढलेली बाटली २५-३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात गाडग्याचं पाणी झपाट्यानं उडतं अन् आतली हवा गार राहते. पदवी नव्हती, पण आजीचं बरोबर होतं.

पूर्वी इन्शुलिन गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. माणसाचं इन्शुलिन बॅक्टेरियाकडून बनवून घेऊन ते अमेरिकेत बाजारात यायला परवानगी मिळाली १९८२ साली. बॅक्टेरियाकडून प्रथिन बनवून घेणं तसं जमतं. बाकीच्या गाळातून ते एकटं वेगळं काढताना जीव जातो. दिवसभर खपून शेवटी जेलवर, म्हणजे वेगवेगळी प्रथिनं वेगवेगळ्या रेघांत दाखवणाऱ्या जेलीसारख्या पातळ थरावर, एकच निळी रेघ यायला हवी. माझ्या पहिल्या जेलवर पाच आल्या. सर चष्मा वर करून म्हणाले, "रांगोळी छान आहे."

मागच्या दिवाळीत आजीला बर्फाच्या कप्प्याचं सगळं कबूल केलं. तिनं घडी, टाके, रेणू शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे त्या साली माझा आंबा बुडाला, तो तुझ्यापायी?"