मग तो मासा परत का सोडता?

मालवणला आईला फोन केला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हा प्रश्न ठरलेला. इथे अटलांटातही गणपतीच्या जेवणावळीत कोणीतरी विचारतंच: जानेवारीच्या थंडीत पहाटे बोट काढता, आठ तास कुडकुडत बास (इथला गोड्या पाण्यातला मासा) पकडता आणि संध्याकाळी पाण्यात सोडून देता? मग गेलात कशाला? तुम्ही विचारलंत, म्हणून आज सविस्तर सांगतो.

मी कर्लीच्या खाडीत बाबांबरोबर गरवायला बसून मोठा झालो. गरीला तांबोशी लागली म्हणजे रात्रीच्या जेवणाची सोय झाली. पकडलेला मासा मुद्दाम सोडणं मला तेव्हा अन्नाचा अपमान वाटला असता. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा मला राग येत नाही, तो माझाही होता.

मी ज्या तळ्यावर बास पकडण्याच्या स्पर्धेला उतरतो, जिथे पकडलेल्या माशांच्या वजनावर निकाल लागतो, ते लेक लॅनियर. चॅटाहूची नदीवर १९५०च्या दशकात ब्यूफर्ड धरण बांधलं आणि सुमारे ३८ हजार एकरांवर पाणी पसरलं. जुने ओहोळ आणि घळी आजही तळाशी तशाच आहेत. थंडीत हेरिंग या लहान माशांचे थवे त्या बुडालेल्या घळींत शिरतात आणि त्यांच्यामागून स्पॉटेड बास, म्हणजे बासचीच एक जात, तीस-चाळीस फुटांवर उतरतात. बास थंड रक्ताचा. पाणी नऊ-दहा अंशांवर आलं की त्याची भूकही मंदावते. दिवसभरात सहा-सात वेळा दोरी हलली तर नशीब. झटका असा बसतच नाही, दोरी नुसती जड होते, तळाशी ओलं कापड अडकल्यासारखी. गळाच्या छडीच्या कड्यांत बर्फ धरतो तो पाण्यात बुडवून काढायचा आणि बोटं बधिर असताना तो जडपणा ओळखायचा. मला यातलं हेच सर्वांत प्रिय आहे.

आता सोडण्याबद्दल. अशा स्पर्धांचा पाया घातला अलाबामाच्या रे स्कॉट यांनी, १९६७ साली, अर्कान्सासच्या बीव्हर लेकवर. तेव्हा मासे बहुधा मेलेलेच वजनाला येत. जिवंत आणून परत सोडण्याची मोहीम त्यांनीच १९७२ मध्ये सुरू केली. हिशोब साधा आहे. शंभर बोटी, प्रत्येकीचे पाच सर्वांत मोठे मासे, म्हणजे एका दिवसात पाचशे, आणि तेही अंडी घालणारे थोराड. असे शनिवार वर्षभर चालले तर तळ्यात उरणार काय? बाबा आणि मी खाडीतून दोन तांबोश्या आणायचो, त्याची आणि याची तुलनाच नाही.

पण सोडणं म्हणजे पाण्यात टाकणं नव्हे, हे मला एका माशाने शिकवलं. दोन वर्षांपूर्वी, हवा उणे चार अंश. चाळीस फुटांवरून साडेतीन पाऊंडांचा बास वर आला. खालच्या दाबातून वर येताना माशाचा वाताशय, म्हणजे आतली हवेची पिशवी, दुपटीहून जास्त फुगते, आणि बासला ती हवा तोंडावाटे सोडता येत नाही. मला पुढचा मासा धरायची घाई. त्याला लाइव्हवेलमध्ये, बोटीतल्या खेळत्या पाण्याच्या टाकीत, ठेवलं आणि वळूनही पाहिलं नाही. अर्ध्या तासाने तो कुशीवर तरंगत होता. वजनापर्यंत मेला. आमच्या स्पर्धेत मेलेल्या माशामागे पाव पाऊंड कापतात, तो कापला गेला. त्याचं मला काही नाही. असा मासा वाढायला या तळ्यात पाच-सहा वर्षं तरी लागतात. मी तो घरी आणला, साफ केला, रवा लावून तळला. वाया घालवणं शक्यच नव्हतं.

माझा जोडीदार सत्तरीचा, याच तळ्याकाठी वाढलेला. पुढच्या आठवड्यात त्याने मला माशाच्या पिशवीतली ती हवा काढायला पोकळ सुई धरायला शिकवलं. मासा पाण्यातच आडवा धरायचा, खवला किंचित उचलून सुई आत न्यायची, बुडबुडे आले की सुई पुढे ढकलणं थांबवायचं. हात ओले हवेत, कोरड्या हातमोज्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आणि उणे तापमानात फोटोसाठी त्याला वर धरून उभं राहायचं नाही, कारण ओले कल्ले गोठू शकतात. कोणी तसं करताना दिसलं की मी आता जाऊन सांगतो.

हे सगळं करूनही सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. उन्हाळ्यात तर जास्त दगावतात, कोमट पाण्यात प्राणवायू कमी. गार पाण्यात तो भरपूर असतो, म्हणून मी जुलैच्या स्पर्धांना जाणं बंद केलं. थंडीतच का, याचं उत्तर हे आहे.

या जानेवारीत आमचे पाच मासे तेरा पाऊंडांच्या आत-बाहेर भरले, बक्षीस दूरच राहिलं. त्यातल्या दोघांना सुई लावावी लागली होती. वजनानंतर धक्क्याच्या टोकाला गुडघ्यांवर बसून एकेक सोडला. सुई लावलेला एक जण बराच वेळ माझ्या तळव्यावर पडून होता, मग सरळ खाली गेला.

रात्री आईला फोन केला.

“सगळे सोडलंस?”

“सगळे.”

“जिते?”

“जिते.”