एचपी झेड४२०: ई५-१६२० काढून ई५-१६५० व्ही२ बसवला

सध्याची स्थिती: एचपी झेड४२० हे वर्कस्टेशन नव्या प्रोसेसरवर चालू आहे, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) सहा कोर आणि सगळी रॅम दिसते, लोडखालच्या चाचण्या सुरू आहेत. ज्यांच्याकडे झेड४२० किंवा तिची मोठी बहीण झेड६२० आहे आणि आत पहिल्या पिढीचा (व्ही१) झिऑन, म्हणजे इंटेलचा वर्कस्टेशन-सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, आहे, त्यांच्यासाठी ही नोंद सविस्तर लिहिली आहे. मशीन २०१२ चं: एलजीए २०११ सॉकेट, इंटेलचा सी६०२ चिपसेट, डीडीआर३ रॅमचे आठ स्लॉट, चार चॅनेल. डबा रेडिमेड असला तरी प्रोसेसर सॉकेटमध्येच आहे, त्यामुळे बदलता येतो. अट एकच, पण ती कडक आहे.

आधी बूट ब्लॉकची तारीख

प्रोसेसर शोधायला बसण्याआधी मशीन चालू करून एफ१० दाबा, फाइल मेनूमधून सिस्टम इन्फर्मेशन उघडा आणि बूट ब्लॉक डेट ही ओळ वाचा. तिथे ०३/०६/२०१३ असेल तर व्ही२, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, प्रोसेसर चालतो. १२/२८/२०११ असेल तर चालत नाही. (तारखा अमेरिकन पद्धतीच्या आहेत, महिना आधी. म्हणजे पहिली ६ मार्च २०१३ ची.) आपल्या बोर्डावर २०१३ ची तारीख आहे, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. बायोस अगदी शेवटच्या आवृत्तीपर्यंत अपडेट केलेला असतो, त्या आवृत्तीत व्ही२ चा सपोर्ट असल्याचं लिहिलेलं असतं, आणि तरीही नवा प्रोसेसर टाकल्यावर स्क्रीन काळीच राहते. कारण असं, की बूट ब्लॉक हा बायोस चिपमधला सर्वात आधी चालणारा भाग. अपडेट अर्धवट राहिला तरी मशीन सावरता यावं म्हणून तो राखीव ठेवलेला असतो आणि नेहमीचा बायोस अपडेट त्याला हातच लावत नाही. २०११ च्या बूट ब्लॉकला आयव्ही ब्रिज (व्ही२ पिढीचं नाव) ओळखता येत नाही, त्यामुळे व्ही२ ओळखणाऱ्या मुख्य बायोसपर्यंत पाळीच येत नाही.

जुनी तारीख निघाली तर दोनच व्यवहार्य मार्ग आहेत: २०१३ च्या बूट ब्लॉकचा मदरबोर्ड मिळवणं, किंवा पहिल्याच पिढीतला वरचा प्रोसेसर घेणं, उदाहरणार्थ सहा कोरचा ई५-१६५० किंवा आठ कोरचा ई५-२६९०. बायोस चिपवर क्लिप लावून प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने बूट ब्लॉक लिहिण्याचा तिसरा मार्ग आहे, पण त्यात बोर्डाचा सिरियल नंबर आणि नेटवर्कचा मॅक पत्ता सांभाळून न्यावा लागतो. ज्याने आधी अशा चिपा वाचून-लिहून पाहिलेल्या नाहीत, त्याने रोजच्या कामाच्या मशीनवर हा प्रयोग करू नये. जुनं झेड४२० विकत घेत असाल तर विकणाऱ्याकडून याच स्क्रीनचा फोटो मागवा. लेबलवरच्या मॉडेल नंबरवरून काही कळत नाही.

कोणता प्रोसेसर, आणि का

व्ही१ म्हणजे सँडी ब्रिज, ३२ नॅनोमीटर. व्ही२ म्हणजे आयव्ही ब्रिज, २२ नॅनोमीटर, सप्टेंबर २०१३ पासूनचा. व्ही३ आणि व्ही४ स्वस्तात दिसले तरी ते इथे बसत नाहीत. त्यांचं सॉकेट एलजीए २०११-३ आहे, खाचा वेगळ्या आहेत आणि मेमरी कंट्रोलर वेगळा आहे. नाव जवळजवळ तेच असल्याने ऑर्डर देताना गल्लत होते.

जुना ई५-१६२०: ४ कोर, ३.६ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेपुरता वाढणारा वेग) ३.८, १० एमबी कॅश. नवा ई५-१६५० व्ही२: ६ कोर, ३.५ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.९, १२ एमबी कॅश. दोन्ही १३० वॅटचे, म्हणजे पॉवर सप्लाय आणि हीटसिंक यांच्यावर नवा बोजा पडत नाही.

खोक्यावरचा टर्बोचा आकडा एक-दोन कोर चालू असतानाचा असतो. सगळे कोर कामाला लागल्यावर किती वेग टिकतो, तो आकडा महत्त्वाचा. ई५-१६५० व्ही२ सहाही कोरवर ३.६ देतो, ई५-१६२० चारही कोरवर ३.७. कोर गुणिले वेग असा ढोबळ हिशोब केला तर १४.८ वरून २१.६, म्हणजे साधारण ४६ टक्के वाढ, वर नव्या पिढीची थोडी भर. दहा कोरचा ई५-२६९० व्ही२ सगळ्या कोरवर ३.३ वर चालतो, हिशोब ३३ पर्यंत जातो. आठ कोरचा ई५-२६६७ व्ही२ ३.६ वर चालतो, म्हणजे २८.८. रेंडरिंग, व्हिडिओ एन्कोडिंग, व्हर्च्युअल मशीन हेच काम असेल तर दहा कोरचा विचार जरूर करावा. पण एका थ्रेडवर चालणाऱ्या कामात ३.८ वरून ३.९ एवढाच फरक आहे, आणि २६९० व्ही२ तर टर्बोतही ३.६ वरच थांबतो. जुने कॅड प्रोग्रॅम, बरेचसे गेम्स यांना त्यात उलट तोटा होतो. मिश्र वापरासाठी १६५० व्ही२ हाच सर्वात समतोल पर्याय वाटतो. शिवाय याच मॉडेलमध्ये तो कंपनीकडूनही बसवून मिळत असे, त्यामुळे बायोस आणि कूलिंगची शंका उरत नाही. ई५-२६८७डब्ल्यू व्ही२ चा मोह टाळा, तो १५० वॅटचा आहे.

एक गोष्ट या अपग्रेडने मिळणार नाही: एव्हीएक्स२. ती सूचनामाला हॅसवेलपासून (व्ही३ च्या पिढीपासून) आली. एखादं सॉफ्टवेअर एव्हीएक्स२ नाही म्हणून सुरूच होत नसेल, तर व्ही२ टाकूनही ते सुरू होणार नाही.

वापरलेला प्रोसेसर घेताना वरच्या धातूच्या झाकणावर मॉडेल नंबर आणि एसआर ने सुरू होणारा कोड असायला हवा. १६५० व्ही२ वर तो एसआर१एक्यू असतो. त्याऐवजी इंटेल कॉन्फिडेन्शियल असं कोरलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना आहे, घेऊ नका. खालची बाजूही पाहा: सोनेरी ठिपक्यांशेजारचे बारीक कपॅसिटर तुटलेले नकोत.

काढण्याआधीची कामं

बायोस अपडेट जुना प्रोसेसर आत असतानाच करायचा. झेड४२० ची फाइल जे६१ मालिकेतली. फॅट३२ पेनड्राइव्हवर टाकून एफ१० मधल्या फ्लॅश सिस्टम रॉम या पर्यायाने लिहायची. त्याच फाइल मेनूत रेप्लिकेटेड सेटअप आहे, त्याने सगळी सेटिंग्ज पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) काय आहे तो वेगळा लिहून ठेवा. सीएमओएस रीसेट (बायोसची साठवलेली सेटिंग्ज पुसणं) करावा लागला आणि तो मोड बदलला, तर विंडोज सुरू होता होता निळ्या स्क्रीनवर आपटते आणि दोष विनाकारण प्रोसेसरवर जातो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो सस्पेंड करा आणि रिकव्हरी की हाताशी ठेवा.

सामान फारसं लागत नाही: टी१५ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्ट, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड, चांगली टॉर्च.

बसवणी

बंद करण्याआधी दहाएक मिनिटं मशीनवर लोड द्या, म्हणजे वाळलेली पेस्ट मऊ होते. मग केबल काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं. हीटसिंकचे चार स्क्रू तिरके-समोरासमोर, थोडे थोडे सैल करा, फॅनची वायर काढा, हीटसिंक सरळ न ओढता किंचित फिरवून उचला. या सॉकेटमध्ये प्रोसेसर धातूच्या चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे तो हीटसिंकला चिकटून वर येत नाही.

सॉकेटला दोन लीव्हर आहेत. उघड्या कुलपाची खूण असलेला आधी सोडायचा, बंद कुलपाचा नंतर. लावताना बरोबर उलटा क्रम. नवा प्रोसेसर कडांना धरून, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून सरळ खाली ठेवा. सरकवू नका. पिना सॉकेटात आहेत, २०११, केसाएवढ्या. एकीचं टोक वाकलं तरी पुढे दिवसभर कारण शोधत बसावं लागतं.

एलजीए २०११ चं झाकण मोठं असतं, म्हणून मधोमध वाटाण्याहून थोडी मोठी पेस्ट. मग पुन्हा स्क्रू तिरक्या क्रमाने, एका वेळी अर्धा फेरा, थांबेपर्यंत. त्यापुढे जोर नको. फॅन मूळचाच ठेवा. एचपीचा कनेक्टर पाच पिनांचा आहे, बाजारातला चार पिनांचा फॅन लावला तर दर वेळी सुरू होताना फॅन सापडत नसल्याची तक्रार येते.

पहिल्यांदा चालू केल्यावर फॅन मोठ्याने फिरतात, मशीन एखाद वेळा आपोआप बंद होऊन परत सुरू होतं. मेमरीची जुळणी नव्याने होत असते, मध्ये बटण दाबू नका. ग्राफिक्स कार्ड आणि त्याची वायर लावलेली आहे ना, ते पाहा. या झिऑनमध्ये आतला ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीन येणारच नाही.

रॅम कमी दिसली तर

या सॉकेटवर सर्वात जास्त आढळणारी अडचण हीच, आणि ती खरं तर रॅमची नसते. समजा ८ जीबीच्या चार स्टिक आहेत आणि बायोस २४ जीबी दाखवतो. स्टिक अदलाबदल केल्यावरही तोच स्लॉट रिकामा दिसत असेल, तर स्टिक ठीक आहे. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आहे, त्या चॅनेलच्या काही पिना प्रोसेसरच्या ठिपक्यांना नीट टेकलेल्या नाहीत. बहुतेक वेळा कारण हीटसिंकचा असमान दाब: एक कोपरा आधी पूर्ण घट्ट केलेला असतो. चारही स्क्रू सैल करून क्रमाने पुन्हा कसा. तरीही तेच, तर प्रोसेसर बाहेर काढून खालच्या ठिपक्यांवर पेस्टचा डाग किंवा बोटाचा ठसा आहे का पाहा, अल्कोहोलने पुसा. मग टॉर्च अगदी आडवी धरून सॉकेटकडे बघा: सगळ्या पिनांची टोकं एकसारखी चमकायला हवीत. जिथे चमक तुटते तिथे पीन वाकलेली.

आपल्या मशीनवर चारही चॅनेल पहिल्याच वेळी दिसले. स्टिक १६०० वेगाच्याच आहेत, त्यामुळे कागदावरची बँडविड्थ अजून ५१.२ जीबी प्रति सेकंदच आहे. व्ही२ प्रोसेसर १८६६ पर्यंत जातो, म्हणजे ५९.७. त्यासाठी स्टिकही १८६६ च्या हव्यात आणि जातही तीच हवी. लेबलवर पीसी३-१२८००ई असेल तर शेवटचा ई म्हणजे अनबफर्ड ईसीसी (चुका सुधारणारी रॅम), मग नव्या पीसी३-१४९००ई च शोधायच्या. शेवटी आर असलेल्या रजिस्टर्ड स्टिक त्यात मिसळल्या तर मशीन सुरू होत नाही. प्रत्येक चॅनेलवर दोन-दोन भरल्या की वेग खाली येऊ शकतो, म्हणून आठ छोट्यांपेक्षा चार मोठ्या बऱ्या.

चाचण्या

सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) मोकळ्या वेळी १.२ गिगाहर्ट्झ, सगळे कोर भरल्यावर ३.६ दिसायला हवेत. ३.५ वरच अडकला तर बायोसमध्ये टर्बो बंद आहे. तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फोमधला कमाल मर्यादेपासूनचं अंतर दाखवणारा रकाना बघा, अर्धा तास प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण लोड देणारा प्रोग्रॅम) चालवून ते १५ अंशांच्या खाली जाऊ नये. गेलं तर आधी हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ, मग पेस्ट, मग बायोसमधला फॅनचा किमान वेग, या क्रमाने तपासायचं.

मेमटेस्टची (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पूर्ण फेरी रात्रभर चालवायची बाकी आहे. ती स्वच्छ निघाली की १८६६ च्या चार स्टिक टाकून हीच मोजणी पुन्हा. तोवर जुना १६२० त्याच्या प्लास्टिकच्या कवचात जपून ठेवला आहे: बोर्ड बिघडला की प्रोसेसर, हे ओळखायला चालू स्थितीतला दुसरा प्रोसेसर लागतोच.