सेलेच्या खोऱ्यातून चार दिवस: फिजाक ते सँ-सिर्क-लापोपी

नकाशावर जीआर 651 या खुणा केलेल्या लांब पल्ल्याच्या पायवाटेची रेघ सेले नदीला चिकटून जाते, त्यामुळे ही नदीकाठची सपाट चाल असेल असं वाटतं. तशी ती नाही. दक्षिण-पश्चिम फ्रान्सच्या लॉट जिल्ह्यात सेलेने चुनखडीच्या पठारात अरुंद खोरं कापलंय. तळाशी थोडी शेतं आणि डी 41 हा रस्ता, एवढीच जागा. त्यामुळे गाव सुटलं की पायवाट बहुतेक वेळा कड्यावर चढते आणि पुढच्या गावासाठी पुन्हा उतरते. एकेक चढण 150-200 मीटरची, म्हणजे सह्याद्रीत हिंडणाऱ्याला किरकोळ. पण ती दिवसात दोन-तीनदा येते आणि वर पाण्याचा थेंब नसतो. चुनखडी सगळा पाऊस गिळून टाकते, पठारावर ओढे टिकतच नाहीत. म्हणून आखणी किलोमीटरवर करू नका. चढणी किती आणि पाणी कुठे, हे आधी मोजा.

सुरुवात फिजाकला. तुलूझहून रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. शांपोलियों, म्हणजे इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा, 1790 मध्ये इथेच जन्मला. चौकात रोझेटा शिळेची अंगणाएवढी प्रतिकृती जमिनीवर पसरलेली आहे. ती बघा, पण त्याआधी दोन कामं उरका: एटीएममधून रोकड आणि दोन दिवसांचा कोरडा खाऊ. पुढच्या गावांत दुकान असेलच असं नाही. असलं तरी दुपारी, रविवारी संध्याकाळी आणि बऱ्याचदा सोमवारी बंद.

पहिला टप्पा एस्पान्याक-सँत-उलालीपर्यंत, साधारण 22 ते 24 किमी. आधी जीआर 65, म्हणजे ल पुई गावाहून स्पेनमधल्या सांतियागोकडे जाणारी जुनी यात्रावाट, फेसेलमार्गे बेद्युएरला नेते. बेद्युएरच्या पुढे फाटा आहे आणि चुका इथेच होतात. बहुतेक यात्रेकरू जीआर 65 वरून काजार्ककडे निघतात आणि आपण गप्पांच्या नादात त्यांच्यामागे जातो. जीआर 651 उजवीकडे वळते. खुणा दोन्हीकडे सारख्याच: वर पांढरा, खाली लाल पट्टा. दोन पट्टे एकमेकांना छेदून फुली झाली असेल तर ती वाट आपली नाही. पिवळा पट्टा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी. दहा मिनिटांत एकही खूण दिसली नाही तर पुढे जाऊन शोधू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

एस्पान्याकचा जुना मठ आणि लाकूड-विटांचं त्याचं घंटाघर दुरूनच दिसतं. गाव म्हणजे मूठभर घरं, मुक्कामाच्या जागा मोजक्या. हा मुक्काम आधी पक्का करा, बाकीचे त्यावरून ठरतील.

दुसरा दिवस ब्रेंग आणि सँ-स्युल्पीसवरून मार्सियाकपर्यंत, अंदाजे 17 किमी. चारही दिवसांत सगळ्यात देखणी चाल हीच. कड्यांच्या पोटात दगडी भिंती बांधून केलेले आसरे दिसतात. स्थानिक त्यांना 'इंग्रजांचे किल्ले' म्हणतात, शतवार्षिक युद्धाची आठवण. सँ-स्युल्पीसमध्ये काही घरांची मागची भिंत म्हणजे कडाच. वरच्या पठाराला इथे 'कॉस' म्हणतात: ठेंगणे ओक, बॉक्सची झुडपं, रचीव दगडांचे बांध आणि डोळ्यांभोवती काळे गोल असलेल्या पांढऱ्या मेंढ्या. बॉक्सच्या झुडपांनी पूर्वी वाटेवर हिरवे बोगदे केले होते. गेल्या दशकात एका पतंगाच्या अळ्यांनी बरीच झुडपं खाऊन वाळवली, त्यामुळे जुन्या वर्णनांतली सावली गृहीत धरू नका. उन्हाळ्यात माणशी दोन ते अडीच लिटर पाणी घेऊनच वर चढा.

पायाखाली सुटे, कोनेदार दगड असतात. कोरड्या दिवसात उतारावर अस्सल घसारा. पाऊस झाला की ओल्या पानांखालची शेवाळलेली चुनखडी साबणासारखी होते. घोटा मुरगळण्याचे प्रसंग चढावर नाही, गावाजवळच्या शेवटच्या उतारावर येतात, कारण तेव्हा पाय दमलेले असतात आणि लक्ष खाली दिसणाऱ्या छपरांवर असतं. काठ्या दोन हव्यात. तळवा कडक असलेले बूट घ्या. धावायच्या मऊ बुटांतून प्रत्येक दगड टोचतो.

वाट चुकल्यावर सरळ नदीकडे उतरायचा मोह होतो, कारण खाली डी 41 दिसत असतो. तसं अजिबात करू नका. झाडी अचानक संपते आणि समोर सरळसोट कडा. आल्या वाटेने मागे फिरणं किंवा पठारावरची गाडीवाट धरणं, दोनच उपाय. खोऱ्याच्या तळाशी मोबाइलला रेंज कमी, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. आपत्कालीन क्रमांक 112.

मार्सियाकला पडझड झालेला बेनेडिक्टाइन मठ आहे. रोकामादूर हे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र एकेकाळी याच मठाच्या ताब्यात होतं. पिण्याचं पाणी भरायला गावाची दफनभूमी शोधा. तिथला नळ सहसा पिण्याजोगा असतो. 'ओ नों पोताब्ल' (पाणी पिण्याजोगं नाही) अशी पाटी असेल तर मात्र तोंड धुण्यापुरतंच.

तिसरा दिवस सोलियाकमार्गे काब्ररे. अंतर कालच्याइतकंच, चढ-उतार जास्त. लवकर निघा, एवढंच सांगण्यासारखं.

काब्ररेच्या वरच्या अंगाला पेश मेर्लची गुहा. 1922 मध्ये दोन किशोरवयीन मुलांनी आतली चित्रं शोधली. ठिपक्यांचे घोडे आणि हातांचे ठसे, काही चित्रं 25 हजार वर्षांहून जुनी, आणि ती मूळ चित्रं आजही समोरून बघता येतात. श्वासाने चित्रं खराब होतात म्हणून दिवसाला 700 जणांनाच प्रवेश. जुलै-ऑगस्टमध्ये काही दिवस आधी आरक्षण न करता गेलात तर चढण फुकट. चौथ्या दिवशी सकाळची पहिली फेरी घ्यावी. आत 12 अंशांच्या आसपास थंडी असते, घामेजल्या अंगाने शिरू नका.

तिथून पठार ओलांडून बुझिएस, आणि मग खरीखुरी नदीकाठची वाट मिळते, फक्त नदी सेले नव्हे, लॉट. कडा थेट पाण्यात उतरत असल्याने नावा ओढणाऱ्यांना चालायला काठच नव्हता. म्हणून 19 व्या शतकात खडक आतून कोरून वाट काढली. डोक्यावर कातळाचं छत, बाजूला पाणी. दरडीमुळे बंद असल्याची पाटी दिसली तर वरच्या वाटेने जा. शेवटची चढण सँ-सिर्क-लापोपीची. नदीपासून शंभरेक मीटर उंच कड्यावरचं हे गाव 2012 मध्ये फ्रेंचांचं सर्वांत आवडतं गाव ठरलं आणि तेव्हापासून दुपारी तिथे गर्दी असते. पाचनंतर पोहोचा.

मुक्काम 'जीत देताप'मध्ये, म्हणजे वाटसरूंच्या साध्या निवासात. रात्रीचं जेवण आणि नाश्त्यासह साधारण 40 ते 55 युरो. चादर-स्लीपिंग बॅग आपली, बूट दाराबाहेर, सॅक पलंगावर ठेवायची नाही. ढेकणांची धास्ती सगळ्यांनाच. नोव्हेंबर ते मार्च बरेच जीत बंद असतात. येणार नसाल तर फोन करून कळवा, कारण स्वयंपाक डोकी मोजून होतो.

शाकाहारींनी आरक्षण करतानाच 'सां व्यांद, सां प्वासों' (मांस नको, मासे नकोत) असं सांगावं. तरीही सावध राहा: हा बदकांचा मुलूख, बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात आणि सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे सहज पडतात. रोकामादूरचं शेळीच्या दुधाचं चीज आणि अक्रोड यांवर पोट भरतं, पण चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं प्राण्यांपासून काढलेलं द्रव्य, असतं; ज्यांना ते चालत नाही त्यांनी चणे-शेंगदाणे आणावेत. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे लागतात आणि जीत छापील पावती क्वचित देतात. ईमेलवर तारखांसह दुजोरा मागून घ्या. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो.

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम, तेव्हा भडक रंगाचं काहीतरी अंगावर हवं. वसंतात गवतातून गेल्यावर गुडघ्यामागे आणि जांघेत गोचीड तपासा.

परतीसाठी सँ-सिर्कखालच्या तूर-द-फोर गावातून काओरची बस मिळते. फेऱ्या थोड्या, रविवारी आणखी कमी, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्रीच बघा. काओरहून तुलूझ आणि पॅरिस, दोन्हीकडे थेट गाड्या आहेत.