दहा वेळा लिही

आज लेकाच्या शाळेत ओपन डे होता. बाईंनी वही पुढे सरकवली. 'घर'चं 'धर', 'मदत'चं 'मतद', आणि खाली लाल पेनाने, "लक्ष देत नाही. दहा वेळा लिही." पठ्ठ्याने लिहिलंय की! दहा वेळा, चार वेगवेगळ्या प्रकारांनी.

मी डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट दाखवलं. बाई म्हणाल्या, "अहो, पण तोंडी उत्तरं तर फटाफट देतो! आळशीपणा आहे हो." तोंडी येतं आणि लिहिताना अडतं, हेच तर त्या कागदावर लिहिलंय! बाईंचाही फार राग येत नाही, वर्गात साठ पोरं. पण 2016च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे डिस्लेक्सियाही आला, दहावीला बोर्ड तासाला 20 मिनिटं जादा देतं, हे शाळेला मी सांगायचं?

बाहेर पडताना एक आई हळूच म्हणाली, "आमच्याकडेही आहे, पण सर्टिफिकेट नको म्हणतात हे. शिक्का बसतो ना." तिच्याशी जिन्यात अर्धा तास बोलत उभी होते.

घरी आल्यावर लेकाने विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

म्हटलं, "तोंडी एकदम फटाफट."

"आणि वही?"

मी चहा टाकायला गेले.