काटोलची पांदण, चिखलदऱ्याचा घाट: थार घ्यावी की जिमनी?

आमच्या शेतात जायला काटोलच्या पुढे डांबरी रोड सोडला की दीडेक किलोमीटर पांदण लागते, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, आणि पावसाळ्यात ती पांदण म्हणजे नुसता काळा गारा, चिखल. बैलबंडी जाते, ट्रॅक्टर जातो, माझी जुनी हॅचबॅक मात्र डांबरीवरच उभी करावी लागते आणि आईच्या गुडघ्यांमुळे ती तेवढं चालू शकत नाही, म्हणजे अख्खा पावसाळा तिला शेत दिसतच नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ सुरू असते, जेव्हा बागेत जायची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच जाता येत नाही. म्हणून फोर बाय फोर, चारही चाकांना ताकद देणारी गाडी. हौस आहेच, पण खरं कारण ही पांदण.

बजेटमध्ये दोनच गाड्या बसत होत्या, महिंद्राची तीन दारांची थार आणि मारुतीची जिमनी. पाच दारांची थार रॉक्स पण पाहिली होती, पण तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं आणि ते आमच्या हिशोबाच्या बरंच वर जात होतं. आता टेस्ट ड्राइव्ह म्हणजे वर्धा रोडच्या गुळगुळीत सिमेंटवर चार किलोमीटर, त्यातून पांदणीचं काय कळणार? मामेभावाकडे डिझेल थार आहे, एका मित्राकडे जिमनी, दोघांनाही म्हटलं चला ना दोन दिवस, आधी शेत मग चिखलदरा, मी दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवतो. दोघं लगेच तयार झाले. ऑगस्टातला शनिवार-रविवार ठरला, शेतापर्यंत आई पण येणार होती.

पहाटे साडेपाचला निघालो, तर्री-पोहे खाल्ले आणि कळमेश्वरवरून काटोल. पाऊस नव्हता पण आभाळ भरलेलं. आई थारमध्ये पुढे बसली, चढताना दादाने, म्हणजे मामेभावाने, हात दिला. एकदा बसल्यावर तिला आवडली, उंचावरून सगळं दिसतं म्हणाली. पण आम्ही घरचे चार जण असलो की कोणीतरी पुढची सीट वाकवून मागे शिरायचंच, आणि आईची सवय अशी की ती नेहमी मागे बसणार, सुनेला पुढे बसवणार. जिमनीला मागची दारं आहेत. कागदावर हा मुद्दा किरकोळ वाटतो, घरात तो रोजचा आहे.

दोन्ही गाड्यांची लांबी एकच आहे बरं का, ३९८५ मिमी, चार मीटरच्या आत. फरक रुंदीत आहे, थार १८२० आणि जिमनी १६४५. पावणेदोनशे मिमी म्हणजे माझी एक वीत पण नाही, घरी वाचताना मी त्या आकड्यावरून सरळ पुढे गेलो होतो.

पांदणीत आधी थार घातली. फोर लो लावलं, म्हणजे चारही चाकांना वेग कमी आणि ताकद जास्त, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर हलकासा. ताकदीचा प्रश्नच नाही, डिझेल इंजिन ३०० न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद) देतं, गाडी बैलासारखी ओढत होती. एकदा एक चाक मोकळं फिरायला लागलं तर मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉकिंग डिफरेन्शियल टक् करून लागलं आणि गाडी निघाली. पण आपली काळी माती वेगळीच चीज आहे, पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये अशी भरते की दहा पावलांत टायर गुळगुळीत होतो, मग कुठलीही गाडी असो, ती आपल्या मर्जीने नाही तर चाकोरीच्या मर्जीने जाते. आणि चाकोऱ्या पडलेल्या बैलबंडीच्या. अर्ध्या वाटेवरच्या वळणावर थारचं एक चाक चाकोरीत, दुसरं धुऱ्याच्या (बांधाच्या) चढावर, आणि दोन्ही बाजूंनी बाभळी. काटे पत्र्यावरून चर्र करत गेले, दादाचा चेहरा बघवत नव्हता. पुढे जागाच नव्हती. गाडी जाऊ शकत होती, पांदण जाऊ देत नव्हती. रिव्हर्समध्ये दोनशे मीटर मागे आलो.

मग जिमनी. मित्राने टायरची हवा ३२ वरून २० वर आणली आणि चावी माझ्या हातात दिली. ही गाडी १२०० किलोच्या आसपास, थारपेक्षा बरीच हलकी, आणि चिखलात हे वजन पायाखाली जाणवतं, ती रुतण्याआधी वरून सरकून जाते. घसरली ती पण, दोनदा. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाला देण्याची तिची सिस्टीम आहे, घर्र घर्र आवाज येतो आणि वाटतं काहीतरी तुटलं, पण घाबरून पाय काढायचा नाही, तसाच ठेवायचा. त्याच वळणावर दोन्हीकडे हातभर जागा उरली. आम्ही बागेपर्यंत पोचलो आणि परत डांबरीवर येऊन आईला घेऊन गेलो.

काका बागेतच होते. त्यांना थार फार आवडली होती, म्हणाले, "त्या वळणावरच्या बाभळी छाटून टाकतो ना, दोन दिवसाचं काम हाये, थार आरामात जाईन."

आई म्हणाली, "त्या बाभळी याच्या बाबानं राखल्या हायेत. त्यायले हात नाई लावाचा. गाडी लहान घे म्हना."

तिला काकांकडे सोडून आम्ही कोंढाळीवरून हायवेला लागलो. इथे मात्र थार मला फार आवडली. मोझरीपर्यंत मीच चालवली, ट्रकच्या मागून निघायला फक्त पाय दाबायचा. जिमनीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १०५ पीएसचं, टॉर्क १३४, तिला ओव्हरटेकला आधी गिअर उतरवावा लागतो. परतवाड्याच्या पुढे घाट लागला तेव्हा हे अजून स्पष्ट झालं, थार तिसऱ्यात निवांत चढत होती आणि मागे जिमनी दुसऱ्यात ओरडत होती. चिखलदरा १११८ मीटरवर आहे, वर पोचेपर्यंत धुकं इतकं की भीमकुंडाला फक्त धबधब्याचा आवाज ऐकला, पाणी दिसलंच नाही. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकलं म्हणतात ती पण नाही दिसली. टपरीवर भजी आणि चहा, बाहेर पाऊस, आणि तासभर गाड्यांवरच चर्चा.

रविवारी उतरल्यावर एका रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. दादा म्हणाला थारची वॉटर वेडिंग, म्हणजे गाडी जाऊ शकते ती पाण्याची खोली, ६५० मिमी आहे, पाणी गुडघ्याच्या खाली आहे, जाऊ. मी नाही म्हटलं. तो आकडा स्थिर पाण्याचा, वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं आणि रपट्याची कड खाली दिसत नाही. अर्धा तास थांबलो, पाणी उतरलं, मग निघालो. कोणतीही फोर बाय फोर घ्या, पण हे कृपया लक्षात ठेवा, दरवर्षी आपल्याकडे माणसं अशीच जातात.

महिन्यातून दोनदा चिखलदरा करायचा असता तर मी डोळे मिटून थार घेतली असती, हे मित्रासमोर पण बोललो. मला महिन्यातून चारदा पांदण करायची आहे.

संध्याकाळी आईला घ्यायला जिमनी पुन्हा आत नेली. ती धुऱ्यावर बसून होती, पदरात गळलेली हिरवी संत्री, वीस-पंचवीस तरी असतील. एक उचलून माझ्यासमोर धरलं, देठाजवळ काळं पडलं होतं. "पाय," म्हणाली, "हे मले आधी दिसलं असतं तं आधीच सांगतलं असतं." ती फळं तिने मागच्या सीटवर स्वतःजवळ ठेवली आणि नागपूरपर्यंत एकेक पाहत आली.

सोमवारी फवारणीचं औषध आणि जिमनीचं बुकिंग, दोन्ही कामं केली.