उणे ५२चं कोडं सुटलं: मोरचुदातलं शेवटचं पाणी

थर्माकोलच्या कपात मोरचूद (कॉपर सल्फेट) विरघळवून किती उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते ते मी घरी मोजते आहे. पाणी घालवलेल्या पांढऱ्या मोरचुदाचे उणे ६६ किलोजूल प्रति मोल यायला हवेत, माझे येत होते उणे ५२ (उणे म्हणजे उष्णता बाहेर पडते, अधिक म्हणजे शोषली जाते). हे उणे ५२ कुठून येत होतं ते अखेर कळलं. मागच्या नोंदीवर बहुतेकांचा संशय कपांवर होता: थर्माकोलमधून उष्णता निसटत असेल, झाकण सैल असेल. म्हणून गरम-गार पाणी मिसळून कपांचं जलसममूल्य (कप स्वतः किती पाण्याइतकी उष्णता घेतात तो आकडा) पुन्हा काढलं. आकडा जागचा हलला नाही. कप निर्दोष आहेत. गोम पांढऱ्या पावडरीत होती.

आधी निळ्या बाजूबद्दल, कारण तिचा मला फार आनंद आहे. १० ग्रॅम निळा मोरचूद १०० मिलि पाण्यात विरघळला की तापमान जेमतेम एक अंश उतरतं. डीएस१८बी२० हा डिजिटल तापमान-सेन्सर ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांनी चालतो, त्यामुळे एवढ्याशा उतारात आलेखाचा नुसता जिना व्हायचा. थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा सेन्सर) लावला आणि रेष गुळगुळीत झाली. या कामाला डीएस१८बी२० घेऊच नका, असं माझं ठाम मत आहे. खडे खलात अगदी बारीक केले, पाणी आणि पावडर रात्रभर एकाच खोलीत ठेवली, पंखा बंद केला, आणि आलेखाचा शेवटचा उतार मागे नेऊन ढवळायला सुरुवात केली त्या क्षणाशी जुळवला. आलं अधिक ११.४. पुस्तकी आकडा अधिक ११.७ किलोजूल प्रति मोल. घरच्या कपात!

आता पांढरी बाजू. निर्जल (सगळं पाणी घालवलेल्या) मोरचुदाचे उणे ६६ यायला हवेत, म्हणजे दोन्हींच्या वजाबाकीतून जलयोजनाचे (निर्जल मोरचूद पाणी धरून पुन्हा निळा होण्याचे) उणे ७८ मिळतात. कोरड्या पावडरीवर पाणी शिंपडून ते थेट मोजता येत नाहीत, तिथे हेसचा १८४०चा नियमच (रस्ता कोणताही असो, एकूण उष्णताबदल तोच) कामी येतो. माझे मात्र दर वेळी ५२च्या आसपास. पावडर डोळ्यांना पांढरीशुभ्र दिसत होती, आणि फसगत इथेच होते. निळ्या मोरचुदात पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात; त्या पाचांपैकी चार गेले तरी मोरचूद पांढुरकाच दिसतो. रंगावर विसंबू नका, वजन करा. १० ग्रॅम निळ्यातून पूर्ण निर्जल ६.३९ ग्रॅम उरायला हवा, एक पाणी राहिलेला ७.११. माझ्या वाटीत ६.६८ होते. म्हणजे सुमारे ४० टक्के मालात शेवटचं पाणी तसंच बसलेलं. त्या एका पाण्याचे २८ किलोजूलच्या वर होतात. तो हिस्सा वजा केला आणि मोलांचा आकडा त्यामुळे किती फुगतो तेही धरलं, की ६६चे बरोबर ५२ होतात. हिशेब जुळला तेव्हा मी दोनदा कागदावर पडताळून पाहिला.

पाणी का राहिलं? ओटीजीचं (विजेच्या ओव्हनचं) बटण २५०वर होतं, पण ट्रेमध्ये थर्मोकपल (जास्त तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) ठेवला तर २०५च्या पुढे जाईना. त्यामुळे ओटीजी बाद. खंडेराव मार्केटच्या बाजूने एक जुनी लोखंडी कढई आणली, तिच्यात वाळू, वाळूत पोर्सिलेनची वाटी, खाली विजेची शेगडी. थर्मोकपल वाळूत खुपसून २६५वर धरलं आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवलं. (ही कढई आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. खिडकी उघडी, तोंडावर मास्क, आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही.)

पण वडोदऱ्याचा जुलै! वाटी काट्यावर ठेवली आणि आकडा डोळ्यांदेखत चढायला लागला: ६.४२, ६.४३, ६.४५. कडेला फिकट निळी झाक धरली. हवेतलं पाणी पावडर अक्षरशः पीत होती. उपाय म्हणून वाटी गरम असतानाच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकते, तळाशी ओलावा शोषणारं, ताजं तापवलेलं सिलिका जेल. वजन बंद डब्यासकट करते, पावडर थेट कपात ओतते आणि रिकामा डबा पुन्हा मोजते. मकरपुऱ्याच्या एका दुकानातून आणलेलं जेल आधीच ओलं निघालं. रंग बदलणारे दाणेच घ्या, निदान कळतं तरी.

नवा आकडा उणे ६४. त्यातून ११.४ वजा केले की जलयोजनाचे उणे ७५.४. अपेक्षित ७८. उरलेला फरक मला दमट हवेचाच वाटतो.

पुढे नवसागर (अमोनियम क्लोराइड) विरघळवून मोजायचं ठरलं होतं, पण हे लिहितानाच सुचलं: ज्या एका पाण्याने एवढं छळलं तेच मुद्दाम का मोजू नये? वाळू १५०वर धरायची, वजन ७.११वर स्थिरावलं की थांबायचं आणि तो एकजल (एकच पाणी राहिलेला) मोरचूद विरघळवायचा. तिन्ही द्रावणांची शेवटची तीव्रता सारखी हवी, म्हणून निळ्याला १०० मिलि पाणी, तर एकजलाला १०२.९ आणि निर्जलाला १०३.६. एकजलाचे उणे ३७-३८ आले पाहिजेत. शिवाय एकजल हवेला निर्जलाइतका हपापलेला नसावा, तेव्हा पाऊस असतानाही हा प्रयोग होऊ शकेल. नवसागर दिवाळीनंतर. कोणाकडे १५० अंश नीट धरणारा थर्मोस्टॅट असेल तर कोणता ते सांगा, शेगडीचा माझा फारच झोके खातो.