माझं पितळ उघडं पडलं तेव्हा

मी शिकारीच्या रायफलची काडतुसं घरीच भरतो, रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) पुन्हा वापरून. गॅरेजमधलं माझं ते टेबल बघायला कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, दारू किती घालतोस रे? (बंदुकीची. दुसरी फ्रिजमध्ये आहे.) मी म्हणतो दारूचं काही विशेष नाही, छापील मॅन्युअल असतं, त्यातला सगळ्यात कमी आकडा घ्यायचा, काट्यावर तोलायचा, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा आणि गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं. पुस्तकाबाहेर जायचं नाही, इंटरनेटवरच्या कुणाच्या आकड्यावर तर अजिबातच नाही, म्हणून मी इथेही आकडा देणार नाहीये. खरा खेळ आहे तो पुंगळीच्या पितळेचा, आणि तो मला कळायला चाळीस पुंगळ्या आणि थोडी अब्रू घालवावी लागली.

माझी रायफल पॉइंट ३५ व्हेलन या काडतुसाची. आम्ही राहतो फोर्ट कॉलिन्सला, कोलोरॅडोत, इथे ऑक्टोबरात टॅग (शिकारीचा परवाना) काढून एल्कच्या शिकारीला जायचं हे शेजारच्या आजोबांनी लावलेलं व्यसन. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, नर तीनशे किलोच्या आसपास सहज. त्याला जड आणि जाड गोळी बरी असं आजोबांचं मत, आणि रायफलही त्यांच्याकडूनच घेतलेली, त्यामुळे माझंही तेच मत. गोळी २५० ग्रेनची. इंग्रजांनी आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, त्या हिशेबाने ही झाली एक तोळा पावणेपाच मासे, एवढं शिसं-तांबं सेकंदाला साधारण सातशे तीस मीटर वेगानं जातं.

हे काडतूस १९२२ च्या सुमाराचं, जेम्स हाउ नावाच्या बंदूककारानं केलेलं, नाव मात्र कर्नल टाउनसेंड व्हेलनचं. कल्पना एकदम देशी जुगाड वाटावी अशी, अमेरिकन सैन्याचं थर्टी-ऑट-सिक्स काडतूस घ्यायचं आणि त्याची मान (जिथे गोळी बसते ते तोंड) पॉइंट ३०८ इंचाच्या गोळीऐवजी पॉइंट ३५८ च्या गोळीसाठी रुंद करायची, बस. कित्येक वर्षं लोक घरीच करून घ्यायचे, रेमिंग्टन कंपनीनं फॅक्टरीत बनवायला घेतलं ते थेट १९८८ साली. आणि आजही दुकानात वीसचा बॉक्स मिळाला तर मिळाला, आणि मिळाला तर साठ-सत्तर डॉलर मोजायचे. उलट थर्टी-ऑट-सिक्सच्या रिकाम्या पुंगळ्या नेमबाजीच्या रेंजवर शेंगांच्या टरफलांसारख्या पडलेल्या असतात, आणि मी पुण्याचा, फुकट दिसल्यावर राहवतं होय?

तर पहिल्या वर्षी चाळीस पुंगळ्या वेचून आणल्या, धुतल्या, तेल लावलं, प्रेसवर उतरत्या अंगाची सळई मानेत घालून मान रुंद केली. लोण्यात सुरी गेल्यासारखं झालं. मग साइझिंग डाय (पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) लावला, सूचनेप्रमाणे पार खालपर्यंत, पुंगळीचं बूड धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत फिरवला. काडतुसं चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) सुळकन जायची, मागून बंद करणारा बोल्टही सहज बंद व्हायचा, मी खूश. गोळ्याही बऱ्यापैकी एका जागी लागत होत्या.

पण सुळकन जाणं हीच गोम होती. या काडतुसाला चेंबरमध्ये अडवणारी एकच गोष्ट, त्याचा खांदा, म्हणजे पुंगळीचं अंग मानेकडे निमुळतं होतं ती पायरी. मूळच्या थर्टी-ऑट-सिक्सला ही पायरी सव्वा मिलीमीटरची असते, मान रुंद केल्यावर उरते पाऊण मिलीमीटरहूनही कमी. तेवढाही खांदा मी डायनं मागे दाबून टाकला होता. मग होतं काय, चाप ओढला की फायरिंग पिन पुंगळीला पुढे ढकलते, दाब वाढला की पुंगळीचं पातळ अंग चेंबरच्या भिंतीला चिकटून बसतं आणि जाड बूड मागे बोल्टपर्यंत सरकतं. मधलं पितळ ताणलं जातं. दर बाराला थोडं थोडं.

त्याच पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरत चौथ्या फेरीला रेंजवर बोल्ट मागे ओढला तर हातात आलं नुसतं बूड, बोटाच्या जाडीएवढ्या उंचीचं. बाकीची पुंगळी चेंबरमध्येच. मला काही झालं नाही, थोडा धूर तोंडाकडे आला आणि चष्म्यावर काळे ठिपके पडले, चष्मा होता म्हणून. शेजारच्या लेनवरचे लोक अगदी सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागले.

आजोबा काही बोलले नाहीत. घरी नेऊन त्यांनी एक पेपरक्लिप सरळ केली, टोकाला बारीक आकडा वळवला आणि म्हणाले, आत घाल आणि भिंतीवरून वर ओढ. बुडाच्या जरा वर आकडा खट्कन अडकला. दुसऱ्या पुंगळीतही. तिसरी आम्ही हॅकसॉनं उभी चिरली, आणि आतून ती रेघ दिसली, पितळ तिथे कागदाएवढं उरलेलं, बाहेरून त्याच जागी एक चकचकीत कडं. ते कडं मी आधी पाहिलं होतं आणि पॉलिश छान झालंय म्हणून खूश झालो होतो! अक्षरशः पितळ उघडं पडलं. बाकीच्या सगळ्या हातोडीनं चेपून भंगारात.

आता मी झाडलेल्या पुंगळीचा खांदा कॅलिपरवर मोजतो आणि त्या मापापेक्षा एक इंचाचे दोन हजारांश भाग, म्हणजे पाच शतांश मिलीमीटर, एवढाच मागे नेतो. पण पहिल्यांदा मान रुंद करताना आजोबांचीच पद्धत, खांद्याला मेणबत्तीची काजळी धरायची, डाय वर ठेवून सुरुवात करायची, थोडा थोडा खाली आणायचा आणि बोल्ट किंचित जोर देऊन बंद झाला की थांबायचं. काजळी कुठे पुसली ते बघितलं की चेंबर कुठे टेकतोय ते कळतं.

मान चिरणं हे वेगळं दुखणं. दर वेळी फुगते, दर वेळी आवळली जाते, पितळ कडक होत जातं. त्यासाठी गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीत काही सेकंद मान फिरवून मऊ करायची, बूड मात्र कधीच तापू द्यायचं नाही, मऊ बूड म्हणजे सगळा दाब आपल्या तोंडावर. पुण्यात तांबट आळीत ठोकून कडक झालेलं भांडं भट्टीत घालून परत नरम करतात ते लहानपणी शंभरदा पाहिलंय, आणि ते इथे गॅरेजमध्ये आठवलं.

अजून एक, अमोनियावालं पॉलिश लावू नका. इंग्रज सैन्याची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की आपोआप चिरायची, कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत अडकलेला ताण, हे नीट कळायला १९२१ उजाडलं. मी पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात फिरवतो, ते फिरवणारं यंत्र, टम्बलर, रात्री दहानंतर लावायचा नाही हा घरचा कायदा.

(तिकडून वाचणाऱ्यांनो, हे घरी करायचं नाही, भारतात काडतुसं बनवायला लायसन लागतं आणि शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदच आहे. मामाला हे तिसऱ्यांदा सांगतोय.)

सध्या नव्या चाळीस पुंगळ्या तेल लावून उभ्या आहेत. काजळीला साधी मेणबत्ती सापडेना म्हणून बायकोची दिवाळीची उरलेली घेतली, ती निघाली मोगऱ्याची. एल्कचं नाक फार तिखट असतं म्हणतात, बघू आता ऑक्टोबरात.